कमलबाई घरात आहेत

१० नोव्हेंबर, रविवार

आजपासून मी पांढुर्ण्याची झाली. कुलदीपनं, माह्या पोरानं, गाडी दारात उभी केली, अन् मी उतरायच्या आधीच सुची पायऱ्या उतरून धावत आली, माह्या कमरेले बिलगली अन् म्हणे, आजी, आता जायचं नाही. जाते कुठी बापा, गावचं, रामाकोन्याचं घर तर भाड्यानं देऊन आली. त्यात एक मास्तरीण आली राहाले. तिनं पहिल्याच दिवशी माह्या तुळशीचं तोंड फिरवून ठेवलं म्हणे. फिरवू दे. तुळस माही आता इथी.

घर नवं, तिगावच्या रस्त्याले, संत्र्याच्या बगिच्याले लागून. फरशी अशी गुळगुळीत की मी बगळ्यासारखी पाय उचलून चालून राहिली, अन् प्रणाली, माही सून, हात धरून हसून राहिली. सून सोन्याची आहे. समोरच्या खोलीत मशीन टाकून ब्लाऊज शिवते, तोंडात टाचण्या धरून बोलते, मले अर्धं समजत नाही, पण हो हो करते. मागची खोली मले दिली. त्यातच देवघर. खिडकीतून हात काढला तर संत्रं तोडता येईन एवढ्या जवळ झाडं.

ही डायरी सुचीनं दिली. बियाणाच्या दुकानातली आहे, वर संत्र्याचं चित्र. तिची बी अशीच आहे. म्हणे, आजी, तूबी लिही, मीबी लिहतो, मंग दोघी एकमेकीचं वाचू. मी चौथीपर्यंत शिकली. जोडाक्षरात गडबड होते, ते सुची तपासून देणार आहे. सात वर्षाची मास्तरीण. रामाकोन्याच्या मास्तरणीपेक्षा बरी.

११ नोव्हेंबर, सोमवार

कुलदीपचा धंदा काय तो मले आज समजला. आतापर्यंत कोणी विचारलं तर मी सांगायची, पोरगा तारांचं काम करते, अन् लोक समजत लाईनमन आहे. आज जेवताना मी म्हटलं, बापा, मले एकदा नीट सांग. तर सांगतलं त्यानं.

म्हणे, आई, एक मोठी धर्मशाळा समज. नेटवर येणारं जे कोणी असन, मोबाईल असो, टीव्ही असो, गेटचं कुलूप असो, त्याले आधी खोली लागते. खोली म्हणजे नंबर. तो मुनीम देते आपल्या मनानं, जी रिकामी असन ती. पण पाहुण्याले भेटाले कोणी आलं तर ते थोडीच नंबर विचारते, ते नाव विचारते. नाव सांगणारा वेगळा, दारावरचा चौकीदार. आता मुनिमानं खोली बदलून दिली अन् चौकीदाराले सांगतलं नाही, तर भेटणारा भलत्याच्याच खोलीत शिरन. लोधीखेड्याकडं एका लॉजवाल्याचं हेच होऊन राहिलं होतं, बिल छापाले दिलं की दुसऱ्याच मजल्यावर निघे. कुलदीपनं त्याचा मुनीम अन् चौकीदार जोडून दिले. मुनीम खोली देते अन् त्याच दमात चौकीदाराले नाव कळवते. कोणाले हातानं काही लिहा लागत नाही.

अन् खोली काही कायमची नाही बरं. मुदतीची. मुदत अर्धी झाली की पाहुण्यानं सांगाचं, मी आहे अजून. सांगतलं तर मुदत वाढते. नाही सांगतलं तर खोली दुसऱ्याले, अन् चौकीदार नाव पुसून टाकते. मी म्हटलं, देवाच्या घरी बी असंच असन. तो हसला अन् वांग्याची भाजी आणखी घेतली. लहानपणी त्याले वांगं पाह्यलं की ओकारी यायची, आता पाहा.

मी विचारलं, एकाच नावाचे दोन आले तर? म्हणे, आधी आला त्याचं नाव. मागून आलेल्याले खोली भेटते, नाव नाही भेटत. नाहीतर कोणी बी उठन अन् दुसऱ्याच्या नावानं घरात येईन. हे पक्कं करूनच ठेवलं आहे.

मले पटलं. हुशार आहे पोरगा. बापावर नाही गेला.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

आज मले बिल्ला भेटला. या घरात सगळ्याइच्या गळ्यात बिल्ला आहे, रुपयाएवढा, पांढरा. बिल्ला गळ्यात असला की गेट आपोआप उघडते, खोलीचं दार उघडते, पंखा चालू होते. गेट तर असं पाजी आहे की एक माणूस आत गेलं की खटकन लागते, मागच्यानं आपल्या बिल्ल्यानं यावं. अन् खोल्याखोल्यात, गेटवर बी, एक एक डब्बी आहे, ती बोलते. बाईचा आवाज आहे. पुण्याकडची वाटते, आहेत नाहीत करते. तिले विचारलं, बाबा कुठं आहेत, तर ती चौकीदाराले विचारून सांगते की बाबा गच्चीवर आहेत. सुचीचा तोच खेळ दिवसभर.

कुलदीपनं मले दोन बिल्ले दिले. दोन्हीवर नाव कमल. एक हरवला तर दुसरा असू दे म्हणे, आई, तू चष्मा बी हरवते. खरं आहे.

आता मी काय केलं ते सुचीसाठी नीट लिहून ठेवते, कारण आजकालच्या पोरीइले हे माहीत नसते. मी तुह्या आजोबाची, भाऊरावची, दुसरी बायको. पहिलीचं नाव कमल. एकोणिसाव्या वर्षी बाळंतपणात गेली, पोटातलं बी गेलं. मंग मले आणलं. माहं माहेरचं नाव केसर. पण माह्या सासूनं लग्नात ताटभर तांदूळ पसरून त्यावर माह्याच बोटानं लिहाले लावलं, कमल. म्हणे, घरातलं नाव पडू द्यायचं नाही. तेव्हापासून मी कमल. तिचा चांदीचा टाक करून आणला, सुपारीएवढा, त्यावर बाईची मूर्ती. तो देवात ठेवायचा अन् घरात जे नवं येईन ते आधी तिले दाखवायचं, मंग आपण घ्यायचं. लुगडं आलं तर आधी टाकावर ठेवायचं. पहिला आंबा तिले. पहिला घास तिले. पहिल्यांदा टीव्ही आला तेव्हा मी टाक आणून टीव्हीवर ठेवला होता, भाऊराव म्हणत, आता तिले शिरेल दिसत नसन, समोर ठेव.

मले त्याचं कधी वाईट नाही वाटलं. सवत असावी तर अशी, न बोलणारी. जी बोलायची ती सासू बोलायची.

तर आज बिल्ला आला. मी हळदकुंकू लावलं अन् आधी एक बिल्ला टाकाच्या गळ्यात घातला. डब्बी लगेच बोलली, स्वागत आहे कमलबाई. मले लय हसू आलं. मंग दुसरा मी माह्या गळ्यात घातला. तेव्हा डब्बी नुसतं म्हणे, स्वागत आहे.

थकली असन.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

कुलदीप संत्र्याच्या पॅकिंगवाल्याकडं गेला आहे, तिथी बी मुनीम चौकीदार जोडून राहिला. मी सकाळी शेजारच्या अलकाकडं गेली. अलका चांगली आहे पण सासूच्या नावानं लय रडते. सासू समोरच बसली होती, ती बी अलकाच्या नावानं रडली. मी दोघीइचं ऐकून, दोघीइकडचा चहा पिऊन आली. गेटमधून आत पाय टाकला की डब्बी म्हणते, कमलबाई घरात आहेत. मले वाटते गावाच्या पोलीस पाटलानं दवंडी दिली. आयुष्यात मी घरी आल्याचं कोणी कोणाले सांगतलं नव्हतं.

सुचीनं डायरी तपासली. दोन चुका काढल्या अन् एक तारा दिला. रात्री गोष्ट पाहिजे म्हणे. मी कोल्ह्याची सांगतली.

१७ नोव्हेंबर, रविवार

आज एक गंमत झाली. मी समोरच्या खोलीत प्रणालीजवळ हुक लावत बसली होती. सुची मागून आली अन् मले पाहून थबकली. म्हणे, तू इथं कशी? मी डब्बीले विचारलं आजी कुठं आहे, तर ती म्हणे कमलबाई मागच्या खोलीत आहेत. मी म्हटलं, विचार परत. विचारलं. तेच. सगळे हसलो. कुलदीपनं मोबाईल काढला, पाह्यला, म्हणे जुनी नोंद राहून गेली असन, आपोआप पुसल्या जाईन.

मले माहीत आहे ना ते काय आहे. दुसरा बिल्ला टाकाच्या गळ्यात आहे. पण मी नाही सांगतलं. प्रणालीले वाटलं असतं, बुढी मशीनच्या वस्तूले हळदकुंकू लावते.

अन् मंग माह्या ध्यानात आलं की मी अलकाकडं असते तेव्हा बी डब्बी हेच म्हणत असन.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

सुची शाळेतून आली, थेट मागच्या खोलीत गेली. मी अंगणात संत्र्याची सालं वाळत घालून राहिली होती. बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. मी म्हटलं कुठी होती. म्हणे, तुझ्याजवळ. मी म्हटलं, मी तर इथी. ती म्हणे, आजी, तू गोष्ट सांगून राहिली होती ना. आडातल्या बाळाची.

आडातल्या बाळाची गोष्ट मले येत नाही.

मी विचारलं कोणं सांगतली. म्हणे डब्बीतून, पण तुझाच आवाज, थोडा बारीक. मी प्रणालीले सांगतलं. टाचण्या तोंडात धरूनच ती म्हणे, आजकाल त्याच्यात गोष्टी बी येतात, आई, बरंच झालं, तुमचा घसा वाचला.

मी खोलीत गेली. टाक जागेवर. बिल्ला गळ्यात. आपल्याले वाटते पण मूर्ती थोडी गरम होती. ऊन येते खिडकीतून.

बिल्ला काढून घेवाव म्हटलं. पण दिलेलं परत कसं काढाव. आतापर्यंत तिले दिलेलं कधी परत घेतलं नाही. शेवटी हातात दोन लवंगा होत्या, त्या ठेवल्या अन् आली.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी कुलदीपले सगळं सांगतलं. टाक, बिल्ला, हळदकुंकू, सगळं. कारण सुची आता शाळेतून आली की माह्याजवळ येतच नाही. मी कोल्ह्याची गोष्ट काढली तर म्हणे मागच्या आजीची चांगली असते. मागची आजी.

तो संत्रं सोलत बसला होता. पहिले लय हसला. हसता हसता ठसका लागला, मी पाठीवरून हात फिरवला. म्हणे, म्हणजे एका नावाचे दोन बिल्ले चालू आहेत, म्हणूनच गडबड होऊन राहिली, आताच साफ करतो. मोबाईल मांडीवर घेतला, एका हातानं फोड तोंडात टाकली, एका हातानं बोट फिरवलं. मी वाकून पाह्यलं. दोन ओळी होत्या, दोन्हीत कमल.

मी म्हटलं, बापा, पाहून कर. कोणती ठेवतं?

"आधीचीच खरी राहते, आई," तो म्हणे, अन् खालची पुसली.

मी म्हटलं, माही मागून घातली होती रे. तो म्हणे, काही होत नाही, एक राह्यला की झालं, नाव तर तुहंच आहे. अन् अर्धं संत्रं माह्या हातात दिलं. गोड होतं. यंदा संत्री गोड आहेत.

२३ नोव्हेंबर, शनिवार

माहा बिल्ला चालत नाही. मागच्या खोलीचं दार उघडत नाही, माहे कपडे आत आहेत. प्रणालीच्या बिल्ल्यानं बी उघडलं नाही; सुचीच्या तेवढं उघडते, पण ती एकटी आत गेली की खटकन लागते. कुलदीप म्हणे, दुसरा बिल्ला घाल ना. दुसरा आत आहे. म्हणे, मंग कमलबाईले म्हण उघडाले, अन् हसत कामाले गेला. त्यानं मोबाईलवरून उघडाव म्हटलं तर म्हणे, आत माणूस असलं की बाहेरून उघडत नाही, तसंच ठेवलं आहे मी, सुरक्षेसाठी.

आत माणूस नाही, असं मी म्हटलं. त्यानं ऐकलं नाही. गाडी चालू झाली होती.

आत पंखा फिरून राहिला. दाराले कान लावला. कोणीतरी हळू हळू गुणगुणून राहिलं, जुनं गाणं... दळतानाचं. सासू म्हणायची ते. मले सासूनं ते शिकवलं नव्हतं. म्हणायची, हे कमलचं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

दिवाणावर झोपते. प्रणालीनं चादर दिली. चांगली आहे ती. मले मावशी म्हणाली. चुकून म्हटलं असन, तोंडात टाचण्या होत्या.

दुपारी अलका आली होती, तिच्याजवळ प्रणाली बोलत होती, मी तिथीच कोपऱ्यात बसली होती. म्हणे, आमच्या सासूबाई लय सुधारल्या. आपल्या खोलीत राहतात, काही मागत नाहीत, पोरीले सांभाळतात, बोलल्या तरी गोड. अलका म्हणे नशीबवान आहेस. माह्या सासूलेबी असा बिल्ला भेटला असता तर.

मी म्हटलं, प्रणाली, मी इथी आहे. तिनं पाह्यलं माह्याकडं. म्हणे, हो मावशी, चहा ठेवते थांबा, शिलाई द्यायला आल्या का?

२७ नोव्हेंबर, बुधवार

बिल्ल्याची मुदत. मले रात्रंदिवस तेच सुचून राहिलं. मुदत अर्धी झाली की सांगाचं, मी आहे अजून. मी सांगून राहिली. सगळ्याइले. मी आहे, मी आहे. पण ज्याले सांगाचं तो मुनीम, अन् त्याच्याजवळ माही ओळच नाही.

कुलदीपले अंगणात धरलं. हात धरला त्याचा. ज्या पोरावरून मी मीठ-मोहऱ्या ओवाळल्या. तो म्हणे, बाई, आई झोपली आहे, संध्याकाळी या. बाई म्हणे मले. नीट बोलला, तो कधी कोणाशी उद्धट बोलत नाही. गेटपर्यंत सोडून दिलं, बाहेरच्या बाजूले.

गेट लागलं.

डब्बी आतून म्हणे, कमलबाई घरात आहेत.

२९

रामाकोन्याले जाता येते. बस आहे. पण तिथी मास्तरीण. अन् सुची इथी आहे. ती मागची तिले गोष्टी सांगून राहिली. तिचं पोटातलं गेलं होतं. तिले पोर पाहिजे. मले समजते, बाई, बाईले समजते. पण माही नात नाही द्यायची. बाकी सगळं पहिलं तिनं घेतलं. सुची नाही.

बगिच्याच्या कुंपणातून खिडकी दिसते. माह्या पलंगावर कोणी बसलं आहे. पाठ दिसते. केस मोकळे, कमरेच्या खाली. माह्या सुनेपेक्षा लहान आहे वयानं. मांडीवर सुचीचं डोकं.

अलकाच्या सासूनं भाकर दिली, कागदात. दुरून ठेवली.

१ डिसें

चष्मा आत. अक्षर वाकडं येऊन राहिलं. गेटजवळ बसते. येणारे जाणारे पाहात नाहीत. भाजीवाला माह्या पायावरून गाडी—

दुखलं नाही. तेच वाईट वाटलं.

२

सुची आली. ऑटोतून उतरली, दप्तर, पाण्याची बाटली. थांबली. तिनं पाह्यलं मले. तिनं एकटीनं.

विचारलं, तुम्ही कोण? मी म्हटलं, आजी. म्हणे, आजी आत आहे. मी म्हटलं, मी कमल. तर गेटचीच डब्बी बोलली, हे नाव घेतलेलं आहे. मंग मी म्हटलं, केसर. माहं आधीचं, माह्या बापानं ठेवलेलं. डब्बी शोधून राहिली असन. मंग म्हणे, असं कोणी नाही.

सुचीले दया आली. तिच्या बापावर गेली आहे, मनानं नरम. म्हणे तुम्हाले तहान लागली का. मी म्हटलं, लय. तिनं आपल्या गळ्यातला बिल्ला काढला अन् माह्या गळ्यात घातला.

"माहा घालून जा. पाणी पिऊन या, मी इथंच थांबतो."

मी मनात ठरवलं. आत जायचं, सुचीच्या बिल्ल्यानं मागचं दार उघडायचं, टाकाच्या गळ्यातलं काढून आणायचं, लगेच यायचं. घोटभर पाण्याएवढा वेळ. पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला. गेट उघडलं. मी गेली. खटकन लागलं.

—

आत आहे. लिहून ठेवते, लवकर. सुचीचीच डायरी आहे ही, टेबलावर होती. माही कुठी पडली.

प्रणालीनं मान वर केली, म्हणे सुची, बूट काढ. तिनं माह्याकडंच पाह्यलं. नीट पाह्यलं. पदरानं तोंड पुसलं माहं. इतकी भूक लागली होती का बेटा म्हणे. वरणभात, तूप. घास भरवला. किती दिवसानं कोणं—

लगेच जाते म्हटलं तिले. गेटवर सुची आहे. ती हसली, सुची तर तू.

मागचं दार उघडलं. टाक नाही देवात. ती आहे. ये म्हणे. बस.

वाईट नाही ती. हात नरम आहेत. मांडी गरम. तेल लावून राहिली केसाले. माहे केस कधी इतके दाट नव्हते. हात बी पाहा, सुरकुती नाही, बोटं लहान लहान, पेन धरता येत नाही नीट—

बाहेर कोणीतरी आई आई करून राहिलं. गेट वाजवून राहिलं. प्रणालीनं विचारलं डब्बीले, गेटवर कोण आहे. डब्बी म्हणे, कोणी नाही.

मी उठते. उठाच लागते. पोर आहे उन्हात. बिल्ला माह्या गळ्यात आहे, मी गेली तर गेट उघडते, माह्याशिवाय कोणी उघडाले जाणार नाही. जाते मी.

ती म्हणे हलू नको, भांग वाकडा होईन. आडातल्या बाळाची सांगू का.

आवाज बारीक झाला बाहेरचा. रडून राहिली वाटते. उठते. एवढी वेणी झाली की उठ